गीतरामायणाचे पाठभेद

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा कलह झाला. त्याचें कारण ऐकून वाचकांस हंसूं येईल. परंतु त्यांतून जो विचार निघाला तो अद्याप माझा पिच्छा सोडीत नाहीं, म्हणून या वेळचीं पानें त्यासच देतों.

माझा नातू अकरावीच्या वर्गांत आहे. वाढदिवसाचे मिळालेले पैसे त्यानें साठविले होते, ते सगळे एका तबकडीवर खर्च करून तो एके दिवशीं घरीं आला. मोठी, काळी, पूर्वीं आमच्या घरीं असत तशीच तबकडी. मला प्रथम बरेंच वाटलें. पण सूनबाईंनीं सांगितलें कीं, याच गाण्यांची लहान चकती त्याच्या कपाटांत आहे आणि तींच गाणीं त्याच्या फोनवरहि आहेत. "एकच पोथी तीनदां विकत घेणारा मनुष्य मीं जन्मांत पाहिला नाहीं," असें मी जरा चढ्या आवाजांत म्हणालों. तो चिडला नाहीं. म्हणाला, "आजोबा, त्या तिन्ही वेगळ्या आहेत. तुम्ही ऐकून तर बघा."

आमच्या साकीनाक्याला शांतपणें कांहीं ऐकणें ही सोपी गोष्ट नव्हे. विमानतळ जवळ, खालीं रस्त्यावर वाहनांचा अखंड गजर. तरी रात्रीं दहानंतर खिडक्या लावून बसलों आणि त्यानें मला त्या तिन्ही प्रती एकामागून एक ऐकविल्या.

गाणाऱ्या मंडळीचें नांव 'निर्वाणा'. अमरकोशांत मुक्तीच्या पर्यायांत बसलेला हा शब्द तीन अमेरिकन तरुणांनीं आपल्या वाद्यवृंदाला घ्यावा याचें मला कौतुक वाटलें. त्यांच्या संगीताला रॉक म्हणतात, आणि त्यांतहि बाजाराच्या रूढ वाटेहून निराळी चालणारी जी शाखा, ती यांची. गीतसंचाचें नांव 'नेव्हरमाइंड'; मराठींत सांगावयाचें तर 'असूं द्या हो'! मुक्तीचें नांव धारण करणाऱ्यांनीं 'असूं द्या' म्हणावें हें एका परीनें सुसंगतच आहे. गायक कर्ट कोबेन याचा आवाज मला प्रथम असह्य झाला. दुसऱ्या खेपेस लक्षांत आलें कीं, मनुष्य ओरडतो आहे खरा, पण सुराची जागा सोडीत नाहीं. आमच्या बैठकींतले कित्येक न ओरडतां सोडतात.

हा संच १९९१ च्या मे-जून महिन्यांत लॉस एंजलिस येथील 'साउंड सिटी' नांवाच्या ध्वनिमुद्रणगृहांत बुच विग या निर्मात्यानें मुद्रित केला. अशा कामांत गळा, गिटार, ढोल हीं सारीं निरनिराळ्या पट्ट्यांवर स्वतंत्र उतरवून घेतात, आणि मग कोणाचा आवाज किती ठेवावयाचा हें बसून ठरवितात. शिधा तोच, मीठ-तिखटाचें प्रमाण तेवढें स्वयंपाक्याच्या हातीं. विगनें एक प्रमाण ठरविलें होतें. तें बाजूस ठेवून अँडी वॉलेस या दुसऱ्या गृहस्थाकडून तें काम पुन्हां करविण्यांत आलें, आणि त्याच रूपांत २४ सप्टेंबर १९९१ रोजीं संच बाहेर पडला. चार महिन्यांच्या आंत तो अमेरिकेंतील विक्रीच्या यादींत पहिला झाला. पुढें खुद्द कोबेनच म्हणूं लागला कीं, हें फार गुळगुळीत झालें आहे. १९९४ सालीं तो वारला. २०११ सालीं, संचाला वीस वर्षें झालीं म्हणून जी मोठी आवृत्ति निघाली, तींत विगचें तें पहिलें, बाजूस ठेवलेलें मिश्रणहि छापलें गेलें. म्हणजे कर्त्याच्या मरणानंतर सतरा वर्षांनीं त्याच्या ग्रंथाचा पहिला खर्डा प्रसिद्ध झाला! त्याच वेळीं मूळ गाण्यांचा आवाजहि नव्यानें वाढविला. हळू आणि मोठें यांतलें अंतर त्यामुळें बुजलें, अशी जाणत्यांची तक्रार आहे.

आणखी एक गंमत नातवानें दाखविली. शेवटचें गाणें संपलें कीं सुमारें दहा मिनिटें नुसती शांतता, आणि मग अकस्मात् एक गाणें सुरू होतें, ज्याचा अनुक्रमणिकेंत पत्ताच नाहीं. पहिल्या छपाईच्या प्रतींत तें चुकून राहून गेलें होतें, मागाहून घातलें. प्रक्षेप कीं लोप? पोथ्या चाळण्यांत ज्यांचे दिवस गेले आहेत त्यांना हा प्रश्न किती ओळखीचा! बारीक अक्षरांत कडेला 'इति अधिकः पाठः' असें लिहावयाचें तेवढें राहिलें होतें.

मग मात्र मला ओशाळल्यासारखें झालें. ज्या मुलाला मी उधळ्या म्हणालों तो पाठभेद जुळवीत बसला होता. त्याचा आजा आयुष्यभर दुसरें काय करीत आला?

आपल्याकडे ही विद्या नवी नाहीं. ज्ञानेश्वरीच्या प्रती हस्तोहस्तीं फिरतां फिरतां अशुद्ध झाल्या, तेव्हां शके १५०६ मध्यें नाथांनीं ती शुद्ध केली आणि आपली ओवी त्यांत घुसडूं पाहणाऱ्यास चांगलेंच बजावलें. पुण्यास भांडारकर संस्थेनें १९१९ सालीं महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचें काम हातीं घेतलें, डॉ. विष्णु सीताराम सुकथनकर यांनीं १९२५ पासून त्याला शिस्त लावली. बाराशेंहून अधिक पोथ्या पाहिल्या गेल्या आणि १९६६ सालीं तें पुरें झालें. सुकथनकर १९४३ सालींच गेले होते. वाल्मीकीचें तेंच काम बडोद्याच्या प्राच्यविद्यामंदिरानें १९६० ते १९७५ या काळांत सात खंडांत केलें. इतकें सगळें करणारा आपला समाज गाण्याच्या बाबतींत मात्र 'गाणें तें गाणें' म्हणून मोकळा होतो.

नातवानें विचारलें, "आजोबा, आपल्या मराठीत आहे का असा एखादा संच?" मीं उत्तर दिलें नाहीं. आंतल्या खोलींत माझी आई झोंपली होती, आणि उत्तर तिच्यापाशीं होतें.

गीतरामायण आपल्या घराघरांत इतकें भिनलें आहे कीं, तें कोणी केव्हां तरी बनविलें असें मनांतच येत नाहीं. पण तें बनलें, आणि तेंहि दर आठवड्याच्या धांदलींत बनलें. पुण्याचें नभोवाणी केंद्र १९५३ च्या ऑक्टोबरांत सुरू झालें. तेथील श्री. सीताकांत लाड यांच्या मनांत आलें कीं, मनोरंजन होईल आणि मनाला चांगलें वळणहि लागेल असा कांहीं वर्षभराचा कार्यक्रम करावा. त्यांनीं तो ग. दि. माडगूळकरांना सांगितला, आणि चालींसाठीं सुधीर फडके आले. कवि व गायक दोघेहि १९१९ चे. महाभारताच्या कामाला आरंभ झाला त्याच वर्षीं जन्मलेले. योगायोगाला अर्थ नसतो हें मला ठाऊक आहे, पण लिहिल्यावांचून राहवत नाहीं.

पहिलें गीत १ एप्रिल १९५५ रोजीं, रामनवमीस, शुक्रवारीं सकाळीं पावणेनऊला प्रसारित झालें. कुश-लव रामापुढें रामायण गातात, तें हें भूपांतलें गीत. त्याची जन्मकथा अशी सांगतात कीं, कवीनें दिलेला कागद ऐन वेळीं हरवला; पुन्हां लिहावयास कवि राजी होईना; तेव्हां लाडांनीं त्यांना कागद-लेखणीसह एका खोलींत कोंडलें आणि पाव तासांत गीत पुन्हां लिहून बाहेर आलें. कथा खरी मानली तर पाहा: ज्या गीतानें हा सारा प्रपंच सुरू होतो, तें आपण ऐकतों तें मुळांतच दुसरा पाठ आहे. पहिला कोणीच ऐकलेला नाहीं.

बावन्न आठवड्यांची योजना होती. पण शके १८७७ मध्यें भाद्रपद अधिक आला, रामनवमी पुढें गेली, आणि गीतें ५६ झालीं. मीं पंचांग घेऊन मोजून पाहिलें. १ एप्रिल १९५५ पासून १३ एप्रिल १९५६ पर्यंत ५५ शुक्रवार येतात, आणि समाप्ति झाली ती १९ एप्रिलची रामनवमी गुरुवारीं. ५५ आणि एक, ५६. गणित कसें चोख जुळतें! पंचांगकर्त्यांनीं मराठी काव्याला चार गीतें दिलीं असें म्हटलें तर अतिशयोक्ति होणार नाहीं. शेवटचें गीत भैरवींत; वाल्मीकि त्या दोन मुलांना आतां जाऊन गा म्हणून सांगतात. म्हणजे शेवट जेथें होतो तेथूनच पहिलें गीत सुरू व्हावयाचें. गजऱ्याचीं दोन टोकें एकमेकांत गुंतवावीं तशी ही रचना आहे, आणि म्हणून तिच्यांत क्रमाला मोल आहे. हें लक्षांत ठेवावें. पुढें त्याचा विषय येणार आहे.

माझी आई त्या वेळीं एकोणीस वर्षांची. सदाशिव पेठेंतल्या एका वाड्यांत तिचें माहेर. रेडिओ घरमालकांकडे, माडीवर. शुक्रवारीं पावणेनऊला जिन्याच्या पायरी-पायरीवर माणसें बसत. कोणी रेडिओला हार घालीत, उदबत्ती लावीत. आई सर्वांत खालच्या पायरीवर बसे, कारण तिच्या मांडीवर वही असे. एका ऐकण्यांत सगळें गीत उतरवून घेणें कोणाला साधणार? पण तेंच गीत शनिवारीं आणि रविवारीं पुन्हां लावीत. शुक्रवारीं तिचें ध्रुवपद आणि दोन कडवीं होत, शनिवारीं मधलीं, रविवारीं राहिलेल्या जागा भरावयाच्या. अशीं ५६ आठवड्यांत ५६ गीतें तिनें दोन वह्यांत उतरविलीं. मध्यें तिचें लग्न ठरलें. साखरपुड्याच्या दिवशीं शुक्रवार होता, आणि ती गीत संपेपर्यंत खालीं आली नाहीं, ही कथा माझ्या आजोळीं अजून सांगतात.

तिनें ऐकलेलें गीतरामायण आणि आपण ऐकतों तें, यांत एक मोठा भेद आहे. पुणें केंद्रावरचें गीतरामायण अनेक कंठांचें होतें. राम सुधीर फडके. सीता मुख्यतः माणिक वर्मा. कौसल्येचा शोक ललिता फडके यांच्या आवाजांत. राम फाटक, सुरेश हळदणकर, वसंतराव देशपांडे, गजानन वाटवे, बबनराव नावडीकर, मालती पांडे, चंद्रकांत गोखले अशीं किती तरी माणसें त्यांत गाइलीं. लता मंगेशकरहि गाइल्या. तें श्रुतिनाट्यच होतें. जो बोलतो त्याचा आवाज, आणि तो मनुष्य कथेंतून गेला कीं आवाजहि गेला.

त्याचा दुसरा पाठ पुस्तकाचा. भारत सरकारच्या प्रकाशन विभागानें १९५७ सालीं विजयादशमीस, ३ ऑक्टोबर रोजीं, तें छापलें. तिसरा पाठ सुधीर फडके यांच्या बैठकींचा. ते स्वतः पेटी घेऊन बसूं लागले आणि सारीं पात्रें एकट्याच्या गळ्यांतून बोलूं लागलीं. १९७९ सालीं पंचवीस वर्षांच्या निमित्तानें पुण्यास रमणबागेच्या पटांगणांत आठ रात्री हा सोहळा झाला, तेव्हां माडगूळकर नव्हते. ते १९७७ च्या डिसेंबरांत गेले होते. चौथा पाठ तबकड्यांचा. हिज मास्टर्स व्हॉइसनें दहा मोठ्या तबकड्यांचा संच काढला, तोहि फडक्यांच्या एकट्याच्या आवाजांत. पुढें त्याच्याच दहा कॅसेटी आल्या, मग चकत्या आल्या. महाराष्ट्रांतील पुढच्या पिढ्यांनीं जें गीतरामायण पाठ केलें तें हें, एका कंठाचें. ज्या अनेकांनीं तें पहिल्यानें गाइलें त्यांचीं नांवें आतां जाणकारांच्या गप्पांत तेवढीं उरलीं.

यांत अन्याय झाला असें म्हणण्यास मी धजत नाहीं. चाली ज्याच्या, गळा त्याचा. कर्त्यानेंच केलेली दुसरी आवृत्ति ती. शिवाय आपल्याला कीर्तनाची संवय आहे. बुवा पागोटें घालून सीतेचा विलाप गातात आणि समोर बसलेल्या बायका पदर डोळ्यांना लावतात. 'ही सीता कशी?' असें कोणी विचारीत नाहीं. पुण्याच्या केंद्रावर झालें तें नाटक, तबकडीवर झालें तें कीर्तन. फडक्यांचा शब्दोच्चार इतका स्वच्छ कीं, भरतभेटीच्या प्रसंगीं राम भरताला समजावितो तें यमनकल्याणांतलें गीत ऐकतांना ऱ्हस्व-दीर्घ कानाला दिसतात. मी वर्गांत मुलांना शुद्धलेखन शिकवितांना तें गीत लावीत असें. तेव्हां एका कंठाचा पाठ कमअस्सल आहे असें माझें म्हणणें नाहीं. तो दुसरा आहे, एवढेंच म्हणणें आहे. आणि दुसऱ्याला दुसरा म्हणण्यास कोणाचीच ना नसावी.

आतां माझ्या हातून घडलेलें सांगतों.

वडिलांनीं त्या दहा तबकड्या एकदम घेतल्या नव्हत्या. कारकुनाच्या पगारांत तें शक्य नव्हतें. बोनस मिळेल तशा दोन-दोन करून त्या आणल्या. पाडव्याला पहिली लागे. रोज संध्याकाळीं दिवेलागणीनंतर एक तबकडी, हा नेम. नऊ दिवस आणि तबकड्या दहा, म्हणून नवमीला दोन. दर बाजूस तीन गीतांच्या आंतबाहेर बसत. बाजू संपली कीं वडील उठून, हात धुऊन, तबकडी उलटी करीत. मधल्या त्या मिनिटभराच्या शांततेंत आम्ही मुलें पुढच्या प्रसंगाची वाट पाहत असूं. गाण्याइतकीच मला ती शांतता आठवते.

वडील गेल्यावर आम्ही साकीनाक्याच्या या जागेंत आलों. यंत्राची सुई मोडली होती, नवी मिळेना, आणि कॅसेटींचा संच घरांत आला होता. १९९८ सालच्या दिवाळीच्या साफसफाईंत मीं त्या दहा तबकड्या खैरानी रस्त्यावरच्या एका भंगारवाल्याकडे नेल्या. त्यानें त्या वजनावर घेतल्या. बारा रुपये आले. वर त्यानें विचारलें, "मास्तर, कव्हरें पण देता का, रद्दीत जातील?" तींहि दिलीं. घरीं येऊन आईला सांगितलें, तेव्हां ती कांहीं बोलली नाहीं. निवडीत होती ते तांदूळ निवडीत राहिली. आमच्या घरांतून मात्र रात्रीं मला विचारणा झाली, "त्यांना आधीं विचारलेंत का?" मी म्हणालों, "गाणीं तींच आहेत ना कॅसेटींत!"

गाणीं तींच आहेत ना. मी, पाठभेदांच्या टीपा वाचण्यांत ज्यानें डोळे अधू केले तो मी, हें बोललों.

कॅसेटी पुढें ताणल्या गेल्या. राम सेतूवर येईतों त्याचा आवाज दोन सूर उतरे. मग मीं एका दुकानांतून एक चकती आणली, तींत सगळीं ५६ गीतें एकत्र. वेष्टनावर धनुर्धारी रामाचें चित्र होतें. मुद्रण कोणत्या सालचें, साथ कोणाची, प्रथम कोणीं गाइलें, एक अक्षर नाहीं. आणि नंतर फोन आला. नातवानें तींच गीतें माझ्या फोनवर घालून दिलीं, तेव्हां काय चमत्कार झाला सांगूं? यंत्राला रामकथा ठाऊक नाहीं, वर्णमाला तेवढी ठाऊक आहे. त्यानें गीतें अकारविल्हे लावलीं. अहल्या शापांतून सुटली तरी राम जन्मावयाचाच होता, आणि सीता वनांत निघाली तेव्हां तिचें लग्न झालेलें नव्हतें! वाल्मीकींनीं कांडें पाडलीं, बडोद्याच्या पंडितांनीं सर्ग मोजले, आणि माझ्या खिशांतल्या यंत्रानें एका क्षणांत अकारविल्हे रामायण रचलें. नातू हंसत होता. क्रम लावून देतो म्हणाला, आणि दिलाहि. पण मला तीं दहा वेष्टनें आठवलीं, ज्यांच्यावर क्रमांक छापलेले असत, आणि जीं मीं रद्दींत दिलीं.

गेल्या चैत्रापासून आई अंथरुणाला खिळली आहे. नव्वदीच्या घरांत आहे. दिवस-रात्रीचा हिशेब कधीं चुकतो, पण कान तिखट आहेत. नातवाशीं झालेल्या त्या कलहाच्या दुसऱ्या दिवशीं मीं तिच्या उशाशीं बसून फोनवर गीतरामायण लावलें. ती डोळे मिटून ऐकत होती. जन्म झाला, यज्ञ झाला, स्वयंवर झालें. मध्यें मध्यें विमान जाई तेवढें बुडून जाई. सीता सोन्याचें हरिण मागते तें गीत लागलें. एक कडवें झालें असेल. आईनें डोळे उघडले.

"अरे, हरिण रामच मागतो आहे होय?"

मी म्हणालों, "आई, सुधीर फडके गातात. सीतेचेंच आहे."

"सीता कुठं गेली?" तिनें विचारलें. "माणिकबाई होत्या."

सत्तर वर्षें झालीं. त्यांतलीं तीस वर्षें तिनें वडिलांच्या तबकड्यांवर हेंच गीत याच आवाजांत ऐकलें, आणि कधीं चकार शब्द काढला नव्हता. आतां मधलें सगळें पुसट झालें आहे, आणि खालचें, पहिलें लिहिलेलें वर आलें आहे. जुन्या चर्मपत्रावर पुसलेलीं अक्षरें कांहीं काळानें पुन्हां दिसूं लागतात असें वाचलें होतें. तें माणसाच्या बाबतींतहि होतें हें मला प्रथमच दिसलें.

त्या संध्याकाळीं नातू आणि मी ती जुनी ट्रंक उघडून बसलों. वह्या सांपडल्या. एकीचें पहिलें पान उंदरानें नेलें आहे. बाकी अक्षर स्वच्छ, टांकाचें, शाई तपकिरी झालेली. प्रत्येक गीताच्या डोक्यावर तारीख आणि गाणाऱ्याचें नांव. मला काय वाटलें तें सांगतां येत नाहीं. भंगारांत गेल्या त्या तबकड्या चौथा पाठ होत्या. पहिल्याची साक्ष ट्रंकेंत पडून होती, आणि मीं तिला कधीं विचारलेंच नव्हतें. नातू म्हणाला, "आजोबा, हे तर विगच्या मिश्रणासारखं आहे." मीं त्याला रागावलों नाहीं. उपमा चांगली होती.

एक विनंती मात्र येथेंच करून ठेवतों. जुनीं मराठी गाणीं पुन्हां पुन्हां निघत राहणार, निघावींतहि. पण पाश्चात्य लोक आपल्या तीस वर्षांपूर्वींच्या गाण्याला देतात तेवढा मान आपण सत्तर वर्षांच्या गाण्याला द्यावा. वेष्टनावर दोन ओळी पुरेत: हें प्रथम कोणीं व केव्हां गाइलें, आणि या मुद्रणांत कोण, कोणत्या सालीं गात आहे. ज्यांच्या घरीं कोणा आजीची वही असेल, जुनी फीत असेल, त्यांनीं ती टाकूं नये. निदान आधीं आजीला विचारावें. मला हें सांगण्याचा अधिकार कितपत आहे हें वाचकांस वर कळलेंच आहे.

आतां आमचा क्रम असा आहे. रात्रीं दहानंतर, रस्ता जरा थंडावला कीं, नातू छापील पुस्तक घेऊन बसतो आणि मी वही. तो एक ओळ वाचतो, मी वहींतली पाहतों. आजवर एकवीस गीतें झालीं. बहुतेक भेद कानाचे आहेत: ऱ्हस्वाचें दीर्घ, कोठें शब्द मागें-पुढें. परंतु हरिणाच्या गीतांत एक शब्द असा निघाला कीं, तो वहींत एक आहे आणि पुस्तकांत दुसरा. दोन्ही वृत्तांत बसतात, दोन्ही अर्थाला लागतात. वहींतला किंचित् घरगुती आहे, पुस्तकांतला संस्कृत. चिकित्सेचा नियम सांगतो कीं, लेखक अवघडाचें सोपें करतो, सोप्याचें अवघड करीत नाहीं. म्हणून पुस्तकांतला खरा, आणि एकोणीस वर्षांच्या मुलीनें जिन्यावर चुकीचें ऐकलें. पण कवीनें छापतांना स्वतःच हात फिरवला असेल तर? मग वहींतला आधींचा.

मीं आईला दोन्ही शब्द म्हणून दाखविले आणि कोणता बरोबर म्हणून विचारलें. तिनें थोडा वेळ छताकडे पाहिलें.

"मी ऐकलं ते लिहिलं," ती म्हणाली. "पुस्तक मागाहून आलं."

नातवानें पुस्तकाच्या समासांत शिसपेनीनें तो शब्द लिहिला, आणि पुढें लहान अक्षरांत 'पणजीची प्रत' असें लिहिलें. आई म्हणाली, आतां दिवा मालवा.